वह्या बंद होत नाहीत, कारण त्या काम करतात

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी ऑपरेशन्स मॅनेजर आहे. आठ महिन्यांपूर्वी आम्ही ईआरपी सॉफ्टवेअर घेतलं. स्टोअर, खरेदी, उत्पादन, डिस्पॅच सगळं एका जागी दिसावं आणि कुठली ऑर्डर कुठे अडकली ते लगेच कळावं, हा हेतू होता. सगळ्यांना दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, लॉगिन दिले, मालकांनी सर्वांना एकत्र बोलावून महत्त्व समजावलं. आज लोक सिस्टिममध्ये एंट्री करतात, पण संध्याकाळी, एकगठ्ठा. खरा हिशोब वहीतच असतो. सिस्टिमचा स्टॉक आणि रॅकवरचा माल यांचा मेळ कधीच बसत नाही. स्टोअरचे प्रमुख सर्वांत जुने आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. माल किती शिल्लक आहे हे विचारायला मालकही रोज सकाळी त्यांनाच फोन करतात. आता मालकांचं म्हणणं असं की एक तारीख ठरवा, त्या दिवशी सगळ्या वह्या जमा करा आणि ज्यांना जमणार नाही त्यांना बाजूला करा. काकांनीच मला हे काम शिकवलंय, त्यांना दुखवायची माझी इच्छा नाही. पण हे असंही चालू ठेवता येत नाही. लोकांचा हा विरोध मोडून कसा काढू?"

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात विरोधाचं एकही उदाहरण मला सापडलं नाही. कोणी भांडलं नाही, कोणी नकार दिला नाही. दिवसभराचं काम संपल्यावर लोक थांबतात आणि तीच माहिती दुसऱ्यांदा भरतात. ज्याला बदल हाणून पाडायचा आहे, तो एवढे कष्ट घेत नाही. तुमची माणसं दोन सिस्टिम चालवत आहेत: एक तुमच्यासाठी आणि एक माल वेळेवर बाहेर पडावा म्हणून. त्यामुळे "विरोध कसा मोडू" हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. त्याआधी एक साधा प्रश्न आहे. वहीत असं काय होतंय, जे सिस्टिममध्ये होत नाही?

त्याचं उत्तर तुमच्या केबिनमध्ये मिळणार नाही. एक पूर्ण शिफ्ट स्टोअरमध्ये काकांच्या शेजारी बसा. सोबत कोणाला नेऊ नका, लॅपटॉप नेऊ नका, आणि सुधारणा सुचवू नका. फक्त बघा, वहीत कोणती ओळ कधी आणि का लिहिली जाते.

तुम्हाला काय दिसेल याचा मला बराचसा अंदाज आहे, कारण जिथे जिथे सिस्टिम आणि वही शेजारी शेजारी नांदतात तिथे कारणं साधारण सारखीच निघतात. माल गेटवर आलेला असतो, पण सोबतच्या चलनावरची (मालाच्या पावतीवरची) संख्या आणि खरेदी ऑर्डरमधली संख्या जुळत नाही, म्हणून सिस्टिम माल जमा करून घेत नाही. तिकडे मशीन थांबलेलं असतं आणि सुपरवायझर दारात उभा असतो. काका काय करणार? ते माल देतात, वहीत लिहितात आणि संध्याकाळी खरेदी विभागाने दुरुस्ती केली की एंट्री मारतात. त्या क्षणी त्यांनी घेतलेला निर्णय कंपनीच्या भल्याचाच असतो. पण त्यामुळे दिवसभर सिस्टिमचा स्टॉक चुकीचा दिसतो. दोन-तीनदा चुकीचा आकडा बघितला की सुपरवायझर सिस्टिम उघडायचंच सोडून देतो आणि थेट काकांना विचारतो. मग वेळेवर एंट्री करण्याचं कारणच उरत नाही, कारण ती बघणारं कोणी नाही. हे चक्र एकदा फिरायला लागलं की ट्रेनिंगने थांबत नाही. ते थांबवायचं असेल तर गेटवरची अडचण सुटायला हवी. संख्या जुळली नाही तर त्या क्षणी कोण, किती वेळात, कशाच्या आधारावर मंजुरी देणार? हे ठरवणं तुमच्या हातात आहे, काकांच्या नाही.

वहीत आणखीही काही सापडेल. अमुक लॉटचा माल कडक लागतो, टूल लवकर झिजतं. त्या रॅकवरचे दोन बॉक्स रीवर्कसाठी बाजूला ठेवलेत, मोजू नका. मेंटेनन्सने काही नग उसने नेलेत, परत आणून देतील. सिस्टिमला आवक कळते आणि जावक कळते. या दोन्हींच्या मधलं जे काही असतं, त्याला तिथे रकानाच नाही, म्हणून ते वहीत राहतं. वह्या जमा केल्या तर ही माहिती नाहीशी होईल किंवा खिशातल्या चिठ्ठ्यांवर जाईल. चिठ्ठ्या तर तुम्हाला दिसणारही नाहीत.

माणसांच्या कामाच्या सवयी कशा बदलतात, या विषयावर कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मूलभूत काम केलं. त्यांची मांडणी अशी होती की एखादी सवय किंवा कामाची एखादी पातळी स्थिर दिसते, तेव्हा तिच्यावर दोन्ही बाजूंनी जोर लागत असतो. काही गोष्टी तिला पुढे ढकलतात, काही मागे धरून ठेवतात. पुढचा जोर वाढवला तरी पातळी हलू शकते, पण त्याबरोबर ताण वाढतो. मागे ओढणारी कारणं काढून टाकली तर ती ताण न वाढवता हलते. मालकांनी सुचवलेली तारीख आणि बाजूला करण्याची धमकी हा पहिला मार्ग झाला. मी तुम्हाला दुसरा मार्ग घ्यायला सांगतो आहे. तो मवाळ वाटतो म्हणून नव्हे. ट्रेनिंग आणि समजावणीतून आठ महिने पुढचाच जोर लावून झालाय आणि मेळ अजून बसलेला नाही.

लेविन यांच्याच प्रभावाखाली झालेला एक प्रयोग तुमच्या परिस्थितीच्या इतका जवळचा आहे, की तो थोडा सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात पायजमे शिवणारा एक कारखाना होता. तिथे कामाची पद्धत जराशी बदलली तरी उत्पादन कोसळायचं, माणसं काम सोडून जायची. नव्या कामाचे दर नीट ठरवून दिले तरी हेच व्हायचं. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे वेगवेगळ्या गटांत बदल वेगवेगळ्या पद्धतीने आणून पाहिला आणि १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाला नेहमीसारखं बोलावून नवी पद्धत आणि नवा दर समजावून सांगितला, प्रश्नांची उत्तरं दिली आणि कामाला लावलं. दुसऱ्या एका प्रकारात गटातल्या सगळ्यांनाच बदलाची आखणी करायला बसवलं. पहिल्या गटाचं उत्पादन खाली गेलं ते वर आलंच नाही, तक्रारी वाढल्या, आणि ४० दिवसांत १७ टक्के माणसं सोडून गेली. ज्यांनी स्वतः आखणी केली होती त्यांचं उत्पादन भराभर सावरलं आणि आधीच्या पातळीच्या साधारण १४ टक्के वर गेलं. त्यांच्यातलं कोणीही सोडून गेलं नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या गटातली जी माणसं उरली होती, त्यांना काही काळाने पुन्हा एका नव्या कामावर घातलं. मात्र या वेळी आखणीत सामील करून. तीच माणसं होती, ज्यांना कोणीही अडेल म्हटलं असतं. त्यांचंही उत्पादन सावरलं आणि आधीपेक्षा वर गेलं. म्हणून "आमची माणसंच तशी आहेत" असं कोणी म्हणालं की मला हा प्रयोग आठवतो.

त्यात अजून एक गोष्ट नीट पाहा. बदल करायचा की नाही, हे त्या गटांना विचारलं नव्हतं. बदल होणार, हे ठरलेलं होतं. तो का करावा लागतो आहे, हे मात्र त्यांना दाखवलं. समोर दोन कपडे ठेवले. दोन्ही दिसायला सारखेच, पण एक आदल्या वर्षी दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेलेला. कोणालाही फरक सांगता आला नाही. खर्च कमी का करायचा, हे त्यानंतर वेगळं समजावायची गरज उरली नाही.

तुमच्याकडे असं काय दाखवलं गेलं? महत्त्व समजावून सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. त्याऐवजी उशिरा गेलेली एखादी ऑर्डर निवडा. तिची सगळी कागदपत्रं टेबलावर मांडा: ऑर्डर कधी आली, माल कधी आला, कुठे किती दिवस पडून राहिला, ग्राहकाने काय लिहिलं. रॅकवर शिल्लक असताना पुन्हा मागवलेला माल असेल तर तो प्रत्यक्ष दाखवा. काका, दोन सुपरवायझर, खरेदीतलं कोणीतरी आणि डिस्पॅचचा माणूस एवढे पुरेत. त्यांना विचारा, की हे पुन्हा होऊ नये यासाठी कोणती माहिती कोणाला कधी दिसायला हवी होती. कोण चुकलं यावर चर्चा जायला लागली तर ती तिथेच थांबवा.

आता काकांविषयी. त्यांना दुखवायचं नाही असं तुम्ही म्हणता ते मला मनापासून आवडलं. पण न दुखावणं म्हणजे काय, याचा विचार व्हायला हवा. आज कंपनीतला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी त्यांच्यापाशी येतो, कारण माल कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक असतं. मालकांचा दिवसही त्यांच्या आवाजाने सुरू होतो. उद्या तीच माहिती प्रत्येकाच्या स्क्रीनवर आली तर त्यांच्याकडे कोण येणार? हा प्रश्न ते कधीच बोलून दाखवणार नाहीत, पण तो त्यांच्या मनात नसेल असं मानू नका. संगणक येत नाही ही भीती त्यामानाने छोटी असते. आयुष्यभर कमावलेलं स्थान जाईल, ही मोठी असते.

यावर सत्कार, शाल किंवा "तुम्ही आमचे मार्गदर्शक" असली वाक्यं उपयोगी पडत नाहीत. त्यांच्या माहितीशिवाय जी कामं होऊच शकत नाहीत, ती त्यांच्या अधिकारात द्या. सिस्टिममधली वस्तूंची नावं आणि कोड बहुधा सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी किंवा ऑफिसमधल्या कोणीतरी ठरवले असतील, आणि एकच वस्तू दोन नावांनी पडलेली असेल. ती यादी काकांकडून दुरुस्त करून घ्या. फिजिकल स्टॉक त्यांच्या देखरेखीखाली मोजला जावा आणि सुरुवातीचा आकडा त्यांनी मंजूर केल्याशिवाय सिस्टिममध्ये चढू नये. वहीतल्या कोणत्या नोंदींसाठी नवा रकाना हवा, हेही त्यांनीच सांगावं आणि तो तयार करून घ्यायची जबाबदारी तुम्ही घ्यावी. त्यांना दिवसभर कीबोर्डपुढे बसवू नका, ती त्यांच्या अनुभवाची नासाडी आहे. आणि त्यांना शिकवायचं असेल ते तरुण मुलांसमोर वर्गात बसवून शिकवू नका. स्टोअरमध्ये, खऱ्या चलनावर, एका माणसाने शेजारी बसून शिकवावं. चूक झाली तर ती दोघांतच राहते.

मालकांचं काय? माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी अडचण रोज सकाळी जाणारा तो फोन आहे. सिस्टिम वापरा असं सांगणारा माणूसच आकडा वहीतून घेत असेल, तर कंपनीतल्या प्रत्येकाला खरा नियम कोणता ते बरोबर कळतं. त्यांच्याशी बोलताना तक्रारीच्या सुरात बोलू नका. "साहेब, पुढचे दोन महिने तुम्ही स्टॉक फक्त स्क्रीनवर बघा. आकडा चुकीचा वाटला तर मला फोन करा, काकांना नको. चूक कुठे झाली ते मी त्याच दिवशी शोधून देईन," इतकं म्हणा. यात त्यांच्यावर दोष नाही आणि तुमच्यावर जबाबदारी आहे. तुम्ही स्वतः मिटिंगसाठी कोणाकडून वेगळी एक्सेल शीट मागवत असाल, तर तीही बंद करा. वरच्यांनी आकडा सिस्टिममधून मागायला सुरुवात केली की खालच्यांना तो वेळेवर भरावाच लागतो.

चुका बाहेर यायला लागतील तेव्हा तुमची खरी परीक्षा आहे. २००६ मध्ये ॲलन मुलाली फोर्ड कंपनीचे प्रमुख झाले. त्या वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला, पण साप्ताहिक बैठकीत वरिष्ठ अधिकाऱ्यांचे सगळे तक्ते हिरवे असायचे, म्हणजे सगळं सुरळीत. एका बैठकीत मार्क फील्ड्स यांनी नव्या गाडीच्या उत्पादनातली अडचण लाल रंगात दाखवली. खोलीत शांतता पसरली. मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या आणि मदत कोण करू शकेल, असं विचारलं. पुढच्या काही आठवड्यांत इतरांचेही तक्ते लाल-पिवळे व्हायला लागले. तुमच्याकडे पहिल्यांदा कोणी "मी माल दिला पण एंट्री करायची राहिली" असं स्वतःहून सांगेल, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते सगळे बघत असतील. तिथे आवाज चढला तर पुढची चूक तुम्हाला महिनाअखेरीच्या मोजणीतच कळेल.

सगळं स्टोअर एकदम बदलायला जाऊ नका. एकाच प्रकारच्या मालापासून सुरुवात करा, ज्याची ये-जा रोज होते आणि ज्याचे प्रकार कमी आहेत. त्याची मोजणी करा, गेटवरचा प्रश्न सोडवा, आणि ठराविक काळ वही आणि सिस्टिम दोन्ही ठेवा. रोज त्यातल्या काही वस्तू मोजून आकडा ताडून बघा. सलग काही आठवडे मेळ बसला की त्या मालापुरती वही बंद. ती बंद करताना मात्र ठाम राहा. दुहेरी एंट्री अनिश्चित काळ चालू ठेवणं ही माणसांना दिलेली शिक्षाच आहे, आणि आज तुम्ही नेमकी तीच देताय. मालकांची तारखेची मागणी त्या अर्थाने बरोबर आहे. जुनं कधीतरी संपायला हवं. त्यांची चूक एवढीच, की तारीख आधी आणि तयारी नंतर असा क्रम त्यांनी लावलाय. मेळ बसला की तारीख येते. जुन्या वह्या फेकू नका, स्टोअरमध्येच राहू द्या, संदर्भाला लागतील.

या काळात काम मंदावेल. हे आधीच मालकांना सांगा आणि हा प्रकार ऑर्डरच्या गर्दीच्या महिन्यात सुरू करू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत स्टोअरला एक माणूस जास्तीचा द्या, नाहीतर लोक पहिल्याच घाईच्या दिवशी वहीकडे परत जातील आणि तसं करणं त्यांच्या दृष्टीने योग्यच असेल.

आठ महिने गेले म्हणून निराश होऊ नका. कारखान्यांत वीज आली तेव्हाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८८० च्या दशकात वीज विकत मिळायला लागली, पण कितीतरी कारखान्यांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली आणि इंजिनाची ताकद प्रत्येक यंत्रापर्यंत नेणारे छताखालचे दांडे आणि पट्टे तसेच ठेवले. मशीन कुठे असावं हे पूर्वीप्रमाणेच दांडा ठरवत राहिला. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि यंत्रं कामाच्या ओघानुसार मांडता आली, तेव्हा उत्पादकता खरी वाढली, आणि अमेरिकेत ते मोठ्या प्रमाणावर दिसायला १९२० चं दशक उजाडलं. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये संगणकाबद्दल लिहिताना हाच दाखला दिला. तुम्ही मोटर बसवली आहे. गेटवरची मंजुरी, खरेदीतली दुरुस्ती, सकाळचा फोन हे दांडे आणि पट्टे अजून जागेवर आहेत. ते हलवायला ४० वर्षं लागत नाहीत, पण दोन दिवसांच्या ट्रेनिंगने ते हलतही नाहीत.

इतकं सगळं केल्यावरही एखादा माणूस ऐकणार नाही, असं होऊ शकतं. पण त्याआधी त्याला जमत नाही, त्याचा अजून विश्वास बसलेला नाही, की त्याला करायचंच नाही, हे वेगवेगळं ओळखायला शिका. पहिल्याला शिकवावं लागतं, दुसऱ्याला बरोबर आकडा काही दिवस सलग दिसावा लागतो. तिसऱ्याशी एकट्याने, स्पष्ट बोलावं लागतं, आणि तिथे कठोर व्हायला हरकत नाही. काका यांतले कोण आहेत हे मला इथून सांगता येणार नाही. तुमच्या पत्रावरून ते तिसरे वाटत नाहीत.

एक प्रश्न मात्र तुम्ही लिहिलेला नाही आणि मला तो टाळता येत नाही. सिस्टिम नीट चालायला लागल्यावर स्टोअरमधली माणसं कमी करण्याचा मालकांचा विचार आहे का? असेल, तर वर सांगितलेलं सगळं एक फसवणूक ठरेल. माणसांकडून त्यांची माहिती काढून घ्यायची, त्यांनाच आखणीला बसवायचं आणि मग त्यांनाच घरी पाठवायचं, हे करू नका. तसं एकदा झालं की त्या कंपनीत पुढच्या कुठल्याही बदलाला कोणी हात लावणार नाही, आणि लावू नयेच. विचार नसेल, तर मालकांनी तो शब्द स्वतः, सर्वांसमोर द्यायला हवा. तुम्ही त्यांच्या वतीने देऊन चालणार नाही, कारण तो पाळणं तुमच्या हातात नाही. कमी करायचीच असतील, तर कोणाची, कधी आणि त्यांना दुसरं कोणतं काम देता येईल, हे आधी ठरवून त्या माणसांना उघडपणे सांगितलं जावं. हा प्रश्न मालकांना याच आठवड्यात विचारा आणि त्याचं सरळ उत्तर मिळेपर्यंत काकांच्या वहीला हात लावू नका.